भाग एक, पेपर दोन

ईरप्पा गुरुजींनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा मंद्रूपच्या बाजारात आठवडाभर तोच विषय होता. सोळा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला माणूस. स्वतःला मूलबाळ नाही, पण निम्म्या गावाचे पाढे त्यांनीच घोटून घेतलेले. आता हाच माणूस पिशवीत वह्या घालून सोलापूरला जाणार आणि मिसरूडही न फुटलेल्या पोरांशेजारी बाकावर बसणार. त्यांच्या बायकोला, चंद्रव्वाला, बायका विहिरीवर विचारायच्या, "काय गं, गुरुजी कवा नापास झालते व्हय?" चंद्रव्वा हसायची आणि घागर उचलायची.

गुरुजी सातवी पास होऊन मास्तर झाले होते. अकरावीची परीक्षा त्यांनी नोकरीत असताना बाहेरून दिली. गणिताचं वेड मात्र लहानपणापासूनचं. सोलापुरात रद्दीवाल्याकडे जुनी इंग्रजी गणिताची पुस्तकं मिळायची, त्यातलं अर्धं वाचता यायचं नाही, पण आकडे आणि चिन्हं वाचता यायची. एकदा त्यांना स्वतःच्या स्वतः सापडलं की एक, आठ, सत्तावीस असे घन ओळीनं मिळवत गेलं की येणारी बेरीज नेहमी वर्गसंख्या असते. त्यांनी ते तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवलं. साहेब हसले, "अहो गुरुजी, हे कुठल्याही पुस्तकात आहे." दुसरा कुणी हिरमुसला असता. गुरुजींना आनंदच झाला. आपल्याला शेतात उभं राहून सुचलेली गोष्ट पुस्तकात आहे, तर मग पुस्तकात आणखी काय काय असेल? ते बघायला त्यांना कॉलेजात जायचं होतं. लोकांना ते सांगायचे की हायस्कुलात गणित शिकवायचं तर गणित घेऊन बी.ए. व्हावं लागतं. तेही खरंच होतं.

पहिल्यांदा ते कॉलेजच्या खिडकीशी गेले ते बहात्तरच्या जूनमध्ये. कारकुनानं त्यांचं अकरावीचं गुणपत्रक बघितलं आणि परत दिलं.

"तुम्ही सामान्य गणित घेतलंय. पी.डी.ला गणित घ्यायचं तर बीजगणित-भूमिती पाहिजे."

पी.डी. म्हणजे अकरावीनंतरचं कॉलेजातलं पहिलं वर्ष. त्याच्यापुढं बी.ए.ची तीन वर्षं, भाग एक, भाग दोन, भाग तीन.

"मला येतंय की बीजगणित. विचारून बघा," गुरुजी म्हणाले.

"मी विचारून काय करू? इथं लिहिलेलं पाहिजे."

गुरुजी परत आले. त्या वर्षी दुष्काळ होता. पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला जात, शाळेचे वर्ग निम्मे रिकामे असत. त्या रिकाम्या वर्गात बसून गुरुजींनी भूमितीची प्रमेयं पाठ केली आणि ऑक्टोबरमध्ये तेवढाच एक विषय घेऊन परीक्षा दिली. ब्याऐंशी मार्क पडले. मग त्यांनी दोन वर्षांची बिनपगारी रजा मागितली. वरच्या कचेरीत सात खेपा घातल्यावर ती मिळाली. घरी एक म्हैस होती, चंद्रव्वा दूध घालायची. तिनं एकदाच विचारलं, "दोन वर्सांत हुतंय का पर ते?" गुरुजी म्हणाले, "दोन वर्सांत पी.डी. आन् भाग एक हुतंय. पुढचं पुढं बघू."

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये गावातल्या सिद्धलिंगप्पांची मुलगी जगदेवी अकरावीला केंद्रात पहिली आली. सिद्धलिंगप्पांचं बाजारपेठेत धान्याचं दुकान होतं. माणूस कमी बोलणारा, पण पोरीचा लाड करणारा बाप. जगदेवीला पहिली ते चौथी गुरुजींनीच शिकवलं होतं. ती पाच वर्षांची असताना गुरुजींनी फळ्यावर शून्य काढलं, तर तिनं विचारलं होतं, काहीच नाही तर काढायचं कशाला. गुरुजी ही गोष्ट बऱ्याच जणांना सांगत.

तिला कॉलेजात जायचं होतं. आईचा साफ नकार. रोज एस.टी.नं सोलापूरला एकटी पोरगी? सिद्धलिंगप्पा गुरुजींकडं आले.

"गुरुजी, तुमी जानार हाय म्हनं कालेजला."

"व्हय अण्णा."

"मग पोरीला संगं न्या की. तुमच्याबरोबर गेली-आली तर तिची आई काय बोलनार न्हाई."

असं ठरलं. गणित घेऊन आर्ट्सच्या बाजूनं दोघांचीही नावं लागली. त्या बाजूला दुपारची प्रॅक्टिकल्स नसत, म्हणून एकच्या एस.टी.नं परत येता यायचं.

सकाळी सातच्या गाडीनं दोघं निघत. जगदेवी खिडकीशी, गुरुजी तिच्या पुढच्या सीटवर तिरके बसलेले, हातात वही. पहिलं वर्ष गुरुजींच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. गणित शिकवायला पंचाक्षरी सर होते, अक्कलकोटकडचे, वय एकोणतीस. ते गुरुजींना वर्गातसुद्धा गुरुजीच म्हणत. त्रिकोणमिती गुरुजींना पटापट येई. जगदेवीला एखादं सूत्र अडलं की गाडीत ते समजावून सांगत आणि ती "हां हां" करत मान हलवी. गाडी सोलापुरात शिरेपर्यंत गणित सुटलेलं असायचं. वार्षिक परीक्षेत तिला अठ्ठ्याऐंशी पडले, गुरुजींना एकाहत्तर. गावात गुरुजींनी पेढे वाटले, तिच्या नावाचे आणि आपल्याही.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये भाग एक सुरू झाला. पहिल्याच दिवशी पंचाक्षरी सरांनी नियम सांगितला.

"यंदा गणिताचे दोन पेपर. पहिला बीजगणित आणि भूमिती, दुसरा कॅल्क्युलस. दोन्ही सुटले तरच भाग दोनला गणित मिळेल. एक जरी राहिला तरी नाही. आधीचं कळलं नसेल तर पुढचं कळत नाही, म्हणून हा नियम आहे. कुणाला त्रास द्यायला नाही."

गुरुजींनी वहीत तेही लिहून घेतलं.

पहिल्या पेपरात काही अडलं नाही. दुसऱ्या पेपराच्या दुसऱ्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर सीमेची व्याख्या लिहिली. दोन ग्रीक अक्षरं होती, एप्सिलॉन आणि डेल्टा. प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा असतो की, वगैरे. गुरुजींनी ती व्याख्या घरी जाऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मोठ्या अक्षरांत लिहिली आणि चुलीच्या वर भिंतीला चिकटवली. चंद्रव्वा भाकरी थापताना तिच्याकडं बघायची. गुरुजी दहा-दहा वेळा वाचायचे. शब्द कळत होते, वाक्य कळत नव्हतं. दोन्ही अक्षरं लहान, दोन्ही शून्याच्या जवळ, मग आधी कोण आणि नंतर कोण? आणि आधी-नंतरानं फरक काय पडतो?

एक दिवस गाडीत त्यांनी जगदेवीला विचारलं. तिला कुठलीही गोष्ट विचारायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"आमच्या दुकानातल्यागत हाय की गुरुजी," ती म्हणाली. "गिऱ्हाईक म्हनतंय, मापात एवढीच चूक चालंल, जास्त न्हाई. मग अप्पानं बघायचं, तराजू किती नीट धरला तर तेवढ्यात बसंल. गिऱ्हाइकानं आनखी बारीक सांगितलं तर अप्पानं आनखी नीट धरायचा. आदी गिऱ्हाईक बोलतंय. मग आपुन."

"हां," गुरुजी म्हणाले. "कळलं."

दुकान कळलं होतं. फळ्यावरचं नाही.

डिसेंबरात सरांनी त्यांना फळ्यावर बोलावलं. गणित सोपं होतं, एक्सचा वर्ग दोनजवळ चारकडे जातो हे सिद्ध करायचं. गुरुजी उठले. सोळा वर्षं हातात खडू धरलेला माणूस, तो फळ्याशी गेला आणि त्याचा हात थांबला. त्यांनी आधी डेल्टा एक घेतला. मग एप्सिलॉन लिहिला. मग ते पुसलं. पुन्हा डेल्टा लिहिला. मागं चाळीस पोरं बसली होती. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. वयस्कर माणूस म्हणून कुणी हसलं नाही, सगळे खाली वह्यांत बघत राहिले.

"बसा गुरुजी," सर हळू म्हणाले. मग त्यांनी जगदेवीला बोलावलं. तिनं सहा ओळींत ते केलं. डेल्टा म्हणजे एक आणि एप्सिलॉन भागिले पाच, यांतला लहान असेल तो. सर म्हणाले, "सुरेख." परत जागेवर जाताना तिनं गुरुजींकडं बघितलं नाही, आणि ते तिनं मुद्दाम केलं हे गुरुजींना कळलं.

त्या दिवसापासून गाडीत ते पुढं ड्रायव्हरच्या मागं बसायला लागले. तिथं धक्के कमी बसतात म्हणाले. जगदेवी दोन-तीनदा वही घेऊन पुढं आली. "गुरुजी, हितं बघा, हे सोपं हाय." ते म्हणत, "राहू दे, डोकं दुखतंय." घरी मात्र ते पहाटे चारला उठत. कळत नाही तर पाठ करायचं असं त्यांनी ठरवलं. शंभर पानं पाठ केली. चंद्रव्वानं एकदा भीत भीत म्हटलं, "जगदेवीला विचारा की. तिला येतंय म्हनं." गुरुजी इतके ओरडले की बाहेर बांधलेली म्हैस उठून उभी राहिली.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. दुसऱ्या पेपरात एकही प्रश्न पाठ केलेल्यासारखा आला नाही. म्हणजे तेच प्रश्न होते, आकडे वेगळे होते.

निकाल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. दोघं बरोबरच गेले. बोर्डाभोवती पोरांची झुंबड. गुरुजींनी आधी आपला नंबर शोधला. पेपर एक, बावन्न. पेपर दोन, एकवीस. मग तिचा. एक्क्याण्णव आणि सत्त्याण्णव. ती त्यांच्या शेजारीच उभी होती, तिनंही दोन्ही आकडे वाचले होते.

"आक्टोबरला सुटतंय गुरुजी," ती घाईघाईनं म्हणाली. "मी सांगते सगळं तुमाला. पयल्यापास्नं सांगते."

तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. पण पहिली ते चौथी ज्या आवाजात गुरुजी तिला सांगत आले होते, तोच आवाज होता तो. गुरुजी म्हणाले, "चल, गाडी चुकंल."

रजा संपली होती. सोमवारी ते शाळेत रुजू झाले. तिसरीचा वर्ग मिळाला.

त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी सिद्धलिंगप्पा घरी आले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. चंद्रव्वानं पाणी दिलं. ते बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलले. मग म्हणाले,

"मैंदर्गीचं एक स्थळ आलंय. कापडाचं दुकान हाय. मानसं बरी हायत. घरात सगळ्यांचं म्हननं, द्या आता. गुरुजी बी जाईनात, मग पोरगी एकटी कशी जाईल?"

सिद्धलिंगप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"म्हनून तुमाला इचारायला आलो. तुमी तिला ल्हानपनापास्नं वळखता. आन् आता तुमी बी तेच शिकून आलाय. मला काय कळतंय त्यातलं? पुढलं तिला जमंल का? खरं सांगा. जमत असंल तर तसं सांगा."

विचार करायला गुरुजींना पुरेसा वेळ होता. चंद्रव्वा चुलीजवळ बसून ऐकत होती. तिनं नंतर पुष्कळदा सांगितलं की तेवढ्या वेळात भाकरी करपली असती.

"अण्णा," गुरुजी म्हणाले, "पुढचं लई वेगळं असतंय. हे भाग एकचं पाठ करून जमतंय. पुढं तसं न्हाई. पोरीच्या जातीला ते झेपनार न्हाई. डोक्यावर परिनाम हुतो. तिला बी झेपनार न्हाई."

"मार्क तर चांगले पडले म्हनं."

"मार्कावर जाऊ नका."

सिद्धलिंगप्पांनी मांडीवरची टोपी उचलली. मग ती डोक्यावर घालून उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"खरं सांगू का गुरुजी? मला वाटलं हुतं, तुमी म्हनाल, जाऊ द्या. तेवढं म्हनला असता तर मी घरात सगळ्यांना गप केलं असतं. बसवून दिलं असतं तिला एस.टी.त. मी सवता न्ह्यायला गेलो असतो." मग ते स्वतःशीच कानडीत पुटपुटले, "होग्लि बिडु." जाऊ दे म्हणून. आणि गेले.

हाक मारायला वेळ होता. बोळ लांब होता आणि सिद्धलिंगप्पा सावकाश चालणारे होते. गुरुजी उंबऱ्यात उभे राहून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"खरं बोललाव का?" चंद्रव्वानं आतून विचारलं.

गुरुजींनी चपला घातल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

दोन दिवसांनी जगदेवी शाळेत आली. मधली सुट्टी होती. ती दाराशी उभी राहिली, लहानपणी राहायची तशीच, चौकटीला धरून.

"गुरुजी, अप्पाला तुमी सांगितलं व्हय, मला झेपनार न्हाई म्हनून?"

गुरुजी हजेरी मांडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला वाटलं ते सांगितलं."

"दोनी पेपर सुटलेत की माजे. नियमात बसतंय. मग आनखी काय र्‍हायलं?"

"नियमाचं न्हाई बाळ. पुढचं वेगळं असतंय."

तिनं चौकट सोडली नाही. तिला आणखी काही विचारायचं असावं. मग घंटा झाली, पोरं आत घुसली, आणि ती त्यांच्यातून वाट काढत निघून गेली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पंचाक्षरी सर स्वतः मंद्रूपला आले. जगदेवीनं भाग दोनचा फॉर्म भरला नव्हता आणि मुदत संपत आली होती. त्यांना घर माहीत नव्हतं म्हणून ते आधी शाळेत आले. त्यांच्या हातात कोरा फॉर्म होता, पिशवीत भिजू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"गुरुजी, तुम्ही ऑक्टोबरला बसा हं. सुटेल. आधी जगदेवीचं घर दाखवा. आठ वर्षांत अशी विद्यार्थिनी मला मिळाली नाही."

गुरुजी त्यांना घेऊन निघाले. वाटेत सांगून टाकावं असं त्यांना दोनदा वाटलं. एकदा मारुतीच्या देवळाशी, एकदा दुकानाच्या पायरीवर. दोन्ही वेळा सरच काहीतरी बोलत होते.

सिद्धलिंगप्पांनी सरांना गादीवर बसवलं, चहा मागवला. सरांनी सगळं सांगितलं. तिला पुढं एम.ए. करता येईल, कॉलेजात शिकवता येईल, सोलापुरात मुलींचं होस्टेल आहे, मी स्वतः जबाबदारी घेतो. आतल्या खोलीच्या पडद्यामागं बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

सिद्धलिंगप्पांनी हात जोडले. "सर, तुमी एवढ्या लांब आलात. पर परवाच सुपारी फुटली. आन् मी काय माज्या मनानं ठरवलं न्हाई. गुरुजींना इचारून ठरवलं. ते म्हनले पुढचं तिला झेपनार न्हाई."

सरांनी गुरुजींकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या गणितात चूक कुठं झाली ते शोधताना बघतात तसं. गुरुजींनी चहाची बशी उचलून तोंडाला लावली.

एस.टी. स्टँडवर दोघं अर्धा तास उभे होते. गाडी आली तेव्हा सर म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला खरंच तसं वाटतं?" कंडक्टरनं घंटी मारली. सरांना उत्तर न घेताच चढावं लागलं. फॉर्म त्यांच्या हातातच राहिला.

जगदेवीचं लग्न त्याच श्रावणात झालं; त्यांच्याकडं श्रावणात मुहूर्त चालतो. गुरुजींना मानाचं उपरणं मिळालं. सिद्धलिंगप्पांनी चारचौघांत सांगितलं की गुरुजींनीच आम्हाला वाट दाखवली.

ऑक्टोबरला गुरुजी पुन्हा परीक्षेला बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अडतीस मार्क पडले. पेपर दोन सुटला. आता त्यांना भाग दोनला गणित मिळत होतं, कागदोपत्री कसलीच अडचण नव्हती. त्यांनी गुणपत्रक ट्रंकेत ठेवलं आणि रजेचा अर्ज केला नाही. चुलीवरचं कॅलेंडर धुरानं काळं पडलं, मग चंद्रव्वानं ते काढून टाकलं. रद्दीवाल्याकडं ते पुन्हा गेले नाहीत. शाळेत पाढे म्हणून घ्यायचे, गुणाकार-भागाकार शिकवायचे, आणि एखादं पोर जास्त विचारायला लागलं की त्याला म्हणायचे, "एवढं पुरे."

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये नव्या अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण अक्कलकोटला होतं, पाच दिवसांचं. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी मैंदर्गीची गाडी धरून निघाले. कुणाला सांगितलं नाही.

कापडाचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. घर मागंच होतं. जगदेवी सोप्यात बसून ज्वारी निवडत होती. एक मूल मांडीवर, एक पाटीशी खेळत. अंगानं भरली होती. गुरुजींना बघून ती लगबगीनं उठली, पाया पडली. सासूनं आतून कानडीत विचारलं, कोण आलंय. तिनं तिकडं तोंड करून सांगितलं, "नम्म ऊर मास्तर्रु." आमच्या गावचे मास्तर. सासू चहा करायला गेली.

"चंद्रव्वाकाकी बऱ्या हायत?"

"बरी हाय."

"अप्पा म्हनत हुते, तुमचा पेपर सुटला म्हनून. मग पुढं घेतलं न्हाई?"

"न्हाई."

"का?"

तिनं सहज विचारलं होतं. गुरुजींनी चार वर्षं जुळवून ठेवलेली वाक्यं होती, ती एकदम तोंडाशी आली आणि वेडीवाकडी बाहेर पडली.

"जगदेवी, तुज्या अप्पाला मी खोटं सांगितलं. तुला झेपनार न्हाई म्हनलो ते. मला ठावं हुतं, तुला झेपतंय. माज्यापेक्षा शंभर पट झेपतंय. मी खाली र्‍हायलो आन् तू पुढं चाललीस, ते मला बघवंना. म्हनून बोललो. दुसरं काय न्हाई त्यात."

जगदेवीचा हात सुपात होता. तो तिथंच राहिला.

मग ती म्हणाली, "मला खरं वाटलं की ते."

गुरुजींना कळलं नाही.

"सर घरी आले हुते तवा मी आत हुते. सगळं ऐकलं. सर म्हनले ते ऐकून हुरूप आला हुता. पर मग म्हनलं, सरांनी मला दोन वर्सं बघितलं. गुरुजी पयलीपास्नं बघतायत. त्यांना काय तरी दिसलं असंल. माज्यात काय तरी कमी असंल, जे मार्कात दिसत न्हाई." तिनं मांडीवरच्या मुलाला सरळ केलं. "पयलं वरीस लई वंगाळ गेलं. मग मीच माज्या मनाला सांगितलं, झेपनारच नव्हतं तर बरंच झालं, वेळेवर थांबले. तसं म्हनलं की बरं वाटायचं. चार वर्सं तेच म्हनत आले."

सासू चहाचा कप घेऊन आली, गुरुजींच्या पुढं ठेवला, आणि शेजारच्या बाईनं हाक मारली म्हणून बाहेर गेली.

"आता काय म्हनू?" जगदेवीनं विचारलं.

तिला खरोखरच उत्तर हवं होतं. ती त्यांच्याकडं बघत होती, वर्गात बघायची तशी, गुरुजी सांगतील म्हणून. गुरुजींनी चहाकडं बघितलं. सायीचा पापुद्रा धरत होता.

मूल रडायला लागलं. ती त्याला घेऊन आत गेली आणि परत बाहेर आली नाही. गुरुजी थोडा वेळ बसले, मग कपाला हात न लावता उठले. स्टँडवर अक्कलकोटची गाडी गेली होती. पुढची येईपर्यंत ते उन्हात उभे राहिले. बाकावर सावली होती, तिथं बसावं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

प्रशिक्षणाचे उरलेले दोन दिवस त्यांनी पुरे केले नाहीत. ताप आला असं सांगून ते दुसऱ्या दिवशी मंद्रूपला परतले. चंद्रव्वा दारात म्हशीची वैरण करत होती. त्यांना बघून ती उठली.

"लवकर आलाव. मैंदर्गीला जाऊन आलाव व्हय?"

तिला कसं कळलं ते गुरुजींनी विचारलं नाही. "व्हय," ते म्हणाले.

"जगदेवी बरी हाय का?"

गुरुजी पायरीवर बसले. चपला काढायला वाकले आणि तसेच राहिले.

"मी जाईस्तोर बरी हुती," ते म्हणाले.

चंद्रव्वानं हात पदराला पुसले. ती घरात गेली, पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याजवळ ठेवला, आणि पुन्हा वैरणीकडं वळली.